हातांचे शिक्षण आणि माणसांची पारख

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात उत्सवाची लगबग होती. विद्यालय चालविणाऱ्या शिक्षण संस्थेचा तो रौप्यमहोत्सव. अशा प्रसंगी सत्कार, स्नेहसंमेलन आणि स्मरणिका हे सारे ओघाने येतेच. श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी मात्र या निमित्ताने देशभरातील शिक्षणविचारकांची परिषद भरवावी, अशी कल्पना मांडली. २२ व २३ ऑक्टोबर रोजी ती परिषद महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरली. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर, मध्य प्रांताचे रविशंकर शुक्ल यांच्यासारखी नव्याने सत्तेवर आलेली मंडळी तिला उपस्थित होती. एका शाळेच्या महोत्सवातून हाताने शिकण्याच्या शिक्षणाचा देशव्यापी प्रयोग जन्माला आला. पुढे तो ‘नयी तालीम’, ‘वर्धा योजना’ किंवा मराठीत ‘मूलोद्योग शिक्षण’ या नावांनी ओळखला गेला.

या प्रयोगाची तत्त्वे पुष्कळदा सांगितली जातात. त्यासाठी माणसे कोणी, कशी व कोठून जमविली, हा भाग मात्र सहसा झाकलेलाच राहतो. वास्तविक उद्योगशिक्षणाच्या सुधारणांचा गेल्या सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला, तर अभ्यासक्रम काही आठवड्यांत लिहून होतात, इमारती काही वर्षांत उभ्या राहतात, पण ते शिक्षण पेलणारी माणसे मिळण्यास पिढी लागते, असेच दिसते. वर्धा, दिल्ली आणि पुणे जिल्ह्यातील पाबळ ही त्या इतिहासाची तीन ठिकाणे.

टीकाकाराच्या हाती सूत्रे

परिषदेपुढचा प्रश्न तत्त्वाचा होता, तसाच पैशाचाही होता. प्रांतिक सरकारांना शाळांसाठी लागणारे उत्पन्न मोठ्या प्रमाणात दारूवरील करातून येत असे. दारूबंदी करावी तर शाळा कशा चालवाव्यात, हा पेच होता. मुलांनी शाळेत एखादा उत्पादक उद्योग शिकावा, त्या उद्योगाच्या आधारे सारे विषय शिकावेत आणि तयार मालाच्या विक्रीतून शिक्षकाच्या वेतनाचा भार हळूहळू उचलला जावा, असा मार्ग गांधीजींनी सुचविला.

सर्वांनी माना डोलावल्या, असे मात्र झाले नाही. मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी शाळेतील माल बाजारात आल्यास गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, हा मुद्दा मांडला. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन यांनी त्याहून मर्मावर बोट ठेवले. कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला नवी नाही, असे ते म्हणाले. स्वावलंबनावर फार भर दिला, तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमावर टपलेला मुकादम होईल, अशी धोक्याची सूचनाही त्यांनी दिली.

परिषदेने चार ठराव संमत केले. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि शिक्षकांच्या वेतनाचा खर्च क्रमशः निघावा ही अपेक्षा, असे त्यांचे स्वरूप होते. तपशीलवार अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडे गेले. परिषदेत ज्याने सर्वांत नेमकी शंका काढली, त्याच्याच हाती सूत्रे देण्यात आली. प्रा. शहा यांनाही समितीत स्थान मिळाले. सुधारणेच्या कामात भोवती होयबा गोळा करण्याचा मोह मोठा असतो. वर्ध्याने तो टाळला.

समितीतील इतर नावेही पाहण्याजोगी आहेत. विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग स्वतःवर केला होता. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर गुजरात विद्यापीठाचा अनुभव घेऊन आले होते. जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते आणि श्रीकृष्णदास जाजू खादीकामात मुरलेले होते. किशोरलाल मश्रुवाला विचारवंत, तर ख्वाजा गुलाम सय्यदैन शिक्षक-प्रशिक्षणाचे जाणकार. आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे दांपत्य शांतिनिकेतनच्या मुशीतून आलेले, त्यातील आर्यनायकम् समितीचे निमंत्रक होते. धंदा जाणणारे, बाजार जाणणारे, मूल जाणणारे आणि शंका घेणारे असे चार प्रकारचे लोक एका मेजाभोवती आले. अवघ्या सहा आठवड्यांत, २ डिसेंबर १९३७ रोजी, अहवाल तयार झाला. साडेपाच तासांच्या शालेय दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे देणारे वेळापत्रक त्यात होते. शिक्षकांसाठी तीन वर्षांचा दीर्घ आणि एक वर्षाचा अल्प असे दोन प्रशिक्षणक्रमही आखलेले होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि त्याच वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाकीर हुसेन, कार्यवाह आर्यनायकम्.

करोल बागेतील प्रतिज्ञा

झाकीर हुसेन यांची निवड केवळ त्यांच्या विद्वत्तेमुळे झाली नव्हती. माणसे जमविणे आणि टिकविणे म्हणजे काय, हे ते दिल्लीत अनुभवाने शिकले होते. जामियाची स्थापना १९२० मध्ये अलीगढला झाली आणि १९२५ मध्ये ती दिल्लीच्या करोल बागेत आली. दिल्लीकर मराठी कुटुंबांना हा परिसर चांगलाच परिचयाचा आहे. त्या काळी भाड्याच्या घरांत भरणारी ही संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. बर्लिनहून डॉक्टरेट घेतलेले झाकीर हुसेन १९२६ मध्ये परतले, ते आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या दोन मित्रांसह. तिघांनाही अन्यत्र उत्तम नोकऱ्या मिळाल्या असत्या. ते जामियात रुजू झाले आणि झाकीर हुसेन वयाच्या तिशीच्या आतच संस्थेचे प्रमुख झाले.

१९२७ च्या अखेरीस जामियाचे आधारस्तंभ हकीम अजमल खान निवर्तले आणि आर्थिक अडचण पराकोटीला गेली. तेव्हा १९२८ मध्ये शिक्षकांच्या एका गटाने प्रतिज्ञा केली. २० वर्षे संस्थेची सेवा करू आणि महिना १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. संस्थेची मालकी जणू शिक्षकांनीच स्वीकारली. वर्ध्याचा अहवाल लिहिताना अध्यक्षांच्या मनात हे चित्र असणार, हे उघड आहे. १९३८ मध्ये जामियाने मूलोद्योग शाळांसाठी शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय सुरू केले. १९३५ मध्ये पायाभरणी झालेल्या ओखल्याच्या जागेत ते पुढे बहरले. वर्ध्याची कल्पना आणि दिल्लीचे प्रशिक्षण असा धागा जुळला.

तरीही त्यागाच्या या आदर्शाची दुसरी बाजू इतिहासाने नोंदवायला हवी. प्रतिज्ञा घेणारे शिक्षक विरळ असतात. त्यांच्या बळावर एक संस्था तगते, परंतु लाखो शिक्षकांची व्यवस्था प्रतिज्ञांवर चालू शकत नाही. तिला पुरेसे वेतन, प्रशिक्षण आणि प्रतिष्ठा यांचाच आधार लागतो.

सेवाग्रामची मंडळी

तालीमी संघाचे केंद्र सेवाग्रामला होते. तेथील एका तासाकडे पाहिले की शिक्षकाकडून काय अपेक्षित होते ते कळते. मूल पेळू हाती घेऊन टकळीवर सूत काढी. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लटींची एक गुंडी. एवढ्या मापांतून गुणाकार, भागाकार, सरासरी आणि मजुरीचा हिशेब शिकविता येई. कापूस कोणत्या जमिनीत पिकतो हा भूगोल, बोंडातून तंतू कसा निघतो हे विज्ञान आणि परदेशी कापडाने विणकराचे काय झाले हा इतिहास. या पद्धतीला ‘समवाय’ म्हणत. वाचताना सोपी वाटणारी ही गोष्ट वर्गात अतिशय कठीण होती. उत्तम सूत काढणाऱ्याला अपूर्णांक शिकविता येत नसत आणि अपूर्णांक शिकविणाऱ्याच्या टकळीवरचा धागा क्षणोक्षणी तुटे.

यावर सेवाग्रामचे उत्तर होते ते एकाच सर्वगुणसंपन्न शिक्षकाचा शोध न घेता पूरक माणसांची जोडणी करण्याचे. शांताबाई नारूळकर यांनी पूर्व-बुनियादी वर्गांचे काम उभारले. गावातील लहानग्यांची स्वच्छता, आहार आणि खेळ यांपासून त्यांच्या शिक्षणाचा आरंभ होई. १९४४ मध्ये शांतिनिकेतनहून देवीप्रसाद हा तरुण चित्रकार आला आणि हस्तोद्योगाच्या रुक्ष होऊ पाहणाऱ्या तासांना त्याने रंग, माती आणि सौंदर्यदृष्टी दिली. केंब्रिजमध्ये शिकलेल्या मार्जरी साइक्स मद्रास व शांतिनिकेतन येथील दीर्घ अध्यापनानंतर सेवाग्रामात शिक्षक-प्रशिक्षणासाठी आल्या. श्रीलंकेचे आर्यनायकम्, बंगाली आशादेवी, इंग्रज साइक्स आणि मराठी शांताबाई यांना जोडणारा समान धागा पदवीचा नव्हता. झाडू, चरखा, चूल आणि खडू ही चारही साधने हाती घेण्याची त्यांची तयारी हा तो धागा होता.

१९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि बहुतेक प्रांतांतील प्रयोग मंदावला. १९४२ च्या आंदोलनात अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. बिहारमध्ये चंपारणच्या वृंदावन परिसरातील शाळा मात्र चिवटपणे चालू राहिल्या. जेथे कार्यकर्त्यांचा गट घट्ट होता, तेथे सरकार गेले तरी शाळा टिकली.

आदेशाने आलेले शिक्षण

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे प्राथमिक शिक्षणाचे राष्ट्रीय स्वरूप म्हणून स्वीकारले गेले आणि येथेच माणसांचा प्रश्न उग्र झाला. हजारो शाळांच्या पाट्या बदलल्या. टकळ्या आल्या, पेळू आले, परंतु शिक्षक पूर्वीचेच राहिले. काही महिन्यांच्या वर्गात त्यांना सूतकताई शिकविली गेली. त्यामागील शिक्षणदृष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. परिणामी समवाय संपला आणि ‘सूतकताईचा तास’ तेवढा उरला. त्या पिढीतील अनेक आजी-आजोबांना आजही तुटलेला धागा आणि गुरुजींचा ओरडा एवढेच आठवते. १९५६ साली जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालील मूल्यमापन समितीने या शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा शिक्षणखात्यातील वरिष्ठांमध्येच त्याची समज आणि त्यावरील श्रद्धा अपुरी असल्याचे पुढे आले. शिक्षक शाळेत उभा असतो, पण त्याला निवडणारा, बदली करणारा आणि तपासणारा अधिकारी जर त्या कामाचा नसेल, तर शिक्षकही हताश होतो.

याहून खोल कारण सामाजिक होते. सुतार, कुंभार, विणकर आणि लोहार यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे हस्तकौशल्य होते. शाळेला हवे होते नेमके तेच. तथापि त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते आणि जातिव्यवस्थेने हाताच्या कामाला खालचे मानले होते. ज्याला काम येते त्याला शाळेत जागा नाही आणि ज्याला शाळेत जागा आहे त्याला काम कमीपणाचे वाटते, या विसंगतीवर कोणत्याही परिपत्रकाने उपाय केला नाही. पालकांनाही हे शिक्षण गरिबांच्या मुलांसाठी असल्याचा संशय होता. शहरांतील नामांकित शाळांनी ते स्वीकारले नाही, त्यामुळे तो संशय दृढ झाला.

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने दिल्लीतून साऱ्या देशाच्या शिक्षणाचा आढावा घेतला. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. सुलभा पाणंदीकर या आणखी एक मराठी सदस्य. १९३७ च्या समितीतील सय्यदैन येथेही होते. आयोगाने मूलोद्योग शिक्षणाच्या तत्त्वांचा गौरव केला आणि त्यांना ‘कार्यानुभव’ असे नवे रूप दिले. पुढे १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव सुचविले. नावे बदलत गेली. वेळापत्रकातील तास बहुधा मोकळ्या असलेल्या शिक्षकाकडे जात राहिला.

याच काळात दुसरी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी चोखाळली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तेथे शिकविणाऱ्याला ‘शिल्प निदेशक’ म्हणतात. निदेशकाला यंत्र यायला हवे आणि शिकवायलाही, हे ओळखून त्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था निघाल्या. मुंबईत अशी संस्था झाली, तसेच महिला निदेशकांसाठीची संस्था १९७७ मध्ये दिल्लीत निघून पुढे नोएडात स्थिरावली. धंदा आणि अध्यापन ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हा वर्ध्याचा धडा या व्यवस्थेने निदान मान्य केला.

पाबळची निवड

मराठी मुलखात या प्रश्नाला सर्वांत कल्पक उत्तर दिले ते डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, म्हैसूरच्या संशोधन संस्थेत व पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम, अशी त्यांची वाटचाल होती. ती सोडून १९८३ मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी ‘विज्ञान आश्रम’ स्थापन केला. पत्नी मीराताई सोबत होत्या. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी वाढविलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली हे काम सुरू झाले.

आश्रमाने ग्रामीण माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय घडविला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात. वेल्डिंग, वीजजोडणी, रक्तगटाची तपासणी, रोपवाटिका ही कामे गावाच्या गरजेतून येतात आणि गाव त्यांचे मोल देते. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली.

यातील खरी कल्पकता निदेशकांच्या निवडीत होती. कलबाग यांनी शहरातून पदवीधर आणण्यावर भिस्त ठेवली नाही. आश्रमातच शिकलेले, परीक्षेत मागे पडलेले पण हाताने हुशार असलेले ग्रामीण तरुण त्यांनी शिक्षक म्हणून उभे केले. निदेशकाने गावात स्वतःचा छोटा व्यवसायही करावा आणि शाळेची साधने शाळेच्या वेळेबाहेर त्यासाठी वापरावीत, अशी त्यांची मांडणी होती. जो स्वतः धंदा करून कमावतो, त्याच्याकडूनच मुले धंदा शिकतील, हा त्यामागचा साधा विचार. शिवाय असा शिक्षक बदलीची वाट पाहत नाही, कारण त्याचे घर, शेत आणि गिऱ्हाईक त्याच गावात असते. आश्रमाच्या ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेला नोएडा येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता लाभली. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ही सुरू झाली. २००३ मध्ये कलबाग निवर्तले, तरी काम थांबले नाही. घडविलेली माणसे मागे होती.

राजधानीतील आजचा प्रश्न

आज दिल्ली आणि भोवतालच्या नगरांत कौशल्यशिक्षणाचा मोठा गजर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकण्याची सोय सुचविली. स्थानिक कलाकुसर व व्यवसाय जाणणाऱ्यांना शाळांनी ‘मार्गदर्शक निदेशक’ म्हणून नेमावे, असेही त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी दिल्लीत कौशल्य व उद्योजकता विद्यापीठ स्थापन झाले. कारागिराला शाळेचे दार उघडण्याची जी गोष्ट १९३७ पासून राहून गेली होती, ती निदान कागदावर आली आहे.

ती वर्गात उतरायची असेल, तर मागील अनुभव चार गोष्टी सांगतो. नेतृत्व अशा व्यक्तीकडे असावे, जिला योजनेतील धोके दिसतात. काम जाणणारा आणि मूल जाणणारा यांना एकत्र बसवावे, एकानेच दोन्ही पेलावे हा आग्रह धरू नये. कारागिराला पाहुणा म्हणून एक दिवस न बोलावता मान, मोबदला आणि सातत्य द्यावे. आणि निवडलेली माणसे पुरेसा काळ एका जागी राहतील, अशी व्यवस्था करावी. यांतील एकही गोष्ट महागडी नाही. परंतु प्रत्येकीसाठी पदवीच्या पलीकडे पाहणारी नजर लागते आणि ती नजर खात्याइतकीच पालकांकडेही हवी. आपल्या पाल्याला वायरमन किंवा सुतार ‘गुरुजी’ म्हणून लाभणे ही कमीपणाची बाब आहे, असे घरात बोलले गेले, तर शाळेतील कार्यशाळा कितीही सुसज्ज असली तरी ओस पडते.

वर्ध्याच्या चार ठरावांतील दुसरा ठराव मातृभाषेचा होता. हाताचे काम आणि आईची भाषा यांना त्या परिषदेने एकाच दोऱ्यात ओवले, याला कारण होते. रंधा, पटाशी, ओळंबा, पेळू, धोटा हे शब्द कामाबरोबर आले आणि कामाबरोबरच जगतात. महाराष्ट्रापासून दूर, राजधानीत मराठीचा दिवा साठ वर्षे तेवत ठेवणाऱ्या शाळेचे माजी विद्यार्थी आज नाना व्यवसायांत आहेत. कोणी यंत्रावर काम करतो, कोणी प्रयोगशाळेत, कोणी स्वयंपाकघरातून उद्योग चालवितो. वर्ध्यातील एका शाळेच्या महोत्सवाने देशाला एक प्रश्न दिला होता की, मुलांना हाताने शिकविणारी माणसे कोठून आणायची. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक अंश शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या याद्यांतच दडलेला आहे. ती यादी देणगीदारांची म्हणून उघडावी तशीच कधी शिक्षकांची म्हणूनही उघडली जावी.